आधी खांदा, मग कापड, शेवटी रंग: ऑफिसचा शर्ट कसा निवडावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिली नोकरी लागली आहे. ठाण्याहून लोकलने करी रोडला उतरून चालत लोअर परळच्या ऑफिसला जायचं. उंची पाच फूट पाच इंच, पोट थोडं पुढे. ४० नंबरचा स्लिम फिट शर्ट खांद्याला बसतो, पण पोटावर बटणं ताणली जातात. ४२ घेतला तर पोट सुटतं, पण खांदे दंडावर उतरतात आणि बाह्या अंगठ्यावर येतात. दहा हजारांत पाच शर्ट बसवायचे आहेत. स्लिम घ्यावा की रेग्युलर, कॉटन घ्यावं की मिक्स, रेडिमेड घ्यावेत की शिवावेत?

मी आधी गारमेंट युनिटमध्ये कटिंगला होतो आणि नंतर स्वतःचं टेलरिंगचं दुकान टाकलं, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत. तुमच्यासारख्या बांध्याची माणसं माझ्याकडे रोज येतात. बहुतेक जण "माझं पोट वाढलंय म्हणून शर्ट बसत नाही" असं अपराधी चेहऱ्याने सांगतात. अपराधी वाटून घेण्याचं काही कारण नाही. शर्ट बसत नाही तो कापणीमुळे, आणि ते सोडवता येतं.

सुरुवात त्या नंबरापासून करू, कारण गोंधळ तिथेच होतो. फॉर्मल शर्टच्या कॉलरवर जे ३८, ३९, ४०, ४२, ४४ छापलेलं असतं ते बहुतेक ब्रँडांत छातीचं इंचातलं माप नसतं. तो कॉलरचा सेंटीमीटरमधला घेर असतो. ३९ म्हणजे साधारण साडेपंधरा इंच गळा, ४० म्हणजे पावणेसोळा, ४२ म्हणजे साडेसोळा. मधेच ३९ हा विषम आकडा येतो तो त्यामुळेच. कॅज्युअल शर्टांत मात्र काही कंपन्या तेच आकडे छातीसाठी वापरतात, म्हणून लेबलावरचं मापाचं कोष्टक वाचल्याशिवाय ऑनलाइन ऑर्डर देऊ नका. तेव्हा तुम्ही ४० वरून ४२ वर गेलात, म्हणजे खरं तर दोन सेंटीमीटर जाड गळ्याच्या माणसाचा शर्ट घेतलात. कंपनी असं धरून चालते की गळा जाड म्हणजे खांदा रुंद, हात लांब, पाठही रुंद. तुमचं यातलं काहीच वाढलेलं नाही. वाढलंय ते फक्त पुढे. म्हणून ४२ मध्ये पोट सुटतं, पण पाठीत फुगा येतो आणि खांदा लोंबतो.

त्यामुळे नंबर ४०च ठेवा, फिट बदला. त्याच ब्रँडचा ४० रेग्युलर फिट मागा. स्लिमची कापणी करताना कंबर छातीपेक्षा बरीच कमी धरलेली असते. रेग्युलरमध्ये बाजूची शिवण जवळजवळ सरळ खाली येते. खांदा आणि गळा तोच राहतो, कंबरेला काही इंच जास्तीचे मिळतात. दुकानदार "सर, आजकाल सगळे स्लिमच घेतात" म्हणेल. त्याच्याकडे स्टॉक स्लिमचा जास्त असतो, म्हणून तो तसं म्हणतो. पोटावर ताणलेला शर्ट माणसाला बारीक दाखवत नाही, उलट दोन बटणांच्या मधली फट सगळ्यांची नजर तिथेच नेते.

ट्रायल रूममध्ये काय बघायचं ते सविस्तर सांगतो, कारण बहुतेक लोक आरशासमोर ताठ उभे राहतात, पोट आत घेतात आणि रंग बघून बाहेर येतात. पहिल्यांदा खांदा. आपल्या खांद्यावरून बोट बाहेरच्या बाजूला सरकवत न्या. जिथे हाड संपून दंड खाली वळतो, तिथेच बाहीची शिवण आली पाहिजे. अर्धा इंच इकडेतिकडे चालेल, त्याहून जास्त नाही. मग मुंढा, म्हणजे बाही जिथे शर्टाला जोडतात तो बगलेचा घेर. हात समोर करून लोकलचा हँडल धरल्यासारखा वर न्या. शर्ट पँटमधून सगळा वर ओढला जात असेल तर मुंढा फार खोल कापला आहे. लोकांना वाटतं मुंढा सैल असला की हात मोकळा राहतो. होतं नेमकं उलट: मुंढा बगलेच्या जवळ, वर असेल तर हात हलताना फक्त बाही हलते, खाली असेल तर हाताबरोबर अख्खा शर्ट वर येतो. रोज तास-तासभर हँडल धरून उभं राहणाऱ्या माणसाला ऑफिसात पोचेपर्यंत शर्ट बाहेर आलेला दिसतो तो यामुळे.

मग कॉलरचं वरचं बटण लावा, टाय घालायचा नसला तरी. गळा आणि पट्टी यांच्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत; तीन जात असतील तर सैल आहे. कफ मनगटाच्या हाडावरून थोडा पुढे, अंगठ्याच्या मुळापर्यंत यावा आणि हात कोपरात वाकवल्यावर मनगट पूर्ण उघडं पडू नये. आणि शेवटी, हे कुणीच करत नाही, खाली बसा. स्टूल नसेल तर मागून घ्या. बसल्यावर पोटाचा घेर इंच-दीड इंच तरी वाढतो, आणि तुम्ही ऑफिसात बसणारच आहात. बसून बटणांच्या दोन्ही बाजूंना फुलीसारख्या चुण्या पडल्या तर तो शर्ट सोडून द्या, कितीही आवडला असला तरी.

चुण्या वाचायला शिका, त्या सगळं सांगतात. कॉलरपासून तिरक्या बगलेकडे जाणाऱ्या चुण्या म्हणजे तुमचे खांदे उतरते आहेत आणि शर्ट सरळ खांद्याचा आहे. मागे कॉलरच्या लगेच खाली आडवी वळी म्हणजे तुमचे खांदे चढे आहेत. पुढची खालची कड वर उचललेली आणि मागची खाली, असं दिसलं तर पोटाने पुढची लांबी खाल्ली आहे. हे शेवटचं तुमच्या बाबतीत हमखास दिसेल. त्यावर रेडिमेडमध्ये इलाज नाही. शर्ट खोचायचा असेल तर तेवढं चालून जातं, बाहेर ठेवायचा असेल तर खटकतं.

आता दुरुस्तीचं. बाजूच्या शिवणीतून शर्ट आत घेता येतो, बाही कफापासून उसवून आखूड करता येते, उंची कमी करता येते. खांदा, मुंढा आणि कॉलर मात्र जसे आहेत तसेच राहतात. कुणी "करून देतो" म्हणाला तरी त्या कामात शर्टाचा तोल बिघडतो. आणि रेडिमेड सैल करता येत नाही. त्याची बाजूची शिवण दुहेरी टिपेने दाबलेली असते आणि आत सोडायला कापडच नसतं. म्हणून ज्या जागा बदलता येत नाहीत त्यांच्यावर शर्ट निवडायचा आणि ज्या बदलता येतात त्या टेलरकडून करून घ्यायच्या.

हे झालं बसण्याचं. कापडाकडे वळतो, कारण मुंबईत घाम आणि गर्दी हे दोन्ही कापडालाच सोसावं लागतं.

लेबलवर "१०० टक्के कॉटन" लिहिलं म्हणजे कापड चांगलं असं नाही. कॉटनमध्ये धाग्याचा काउंट आणि विणकाम बघावं लागतं. ८४० यार्डांची एक लड, आणि एका पौंडात अशा किती लडी बसतात तो काउंट. म्हणजे आकडा जेवढा मोठा तेवढा धागा बारीक. ४० काउंटचं कापड जाडसर आणि टिकाऊ, ६० हे रोजच्यासाठी छान, ८० आणि १०० हे मऊ आणि झिरझिरीत होत जातं. १०० काउंट ऐकून लोक हुरळतात, पण तो धागा एकेरी असेल तर लोकलच्या गर्दीत बॅगेच्या पट्ट्याखाली तो लवकर विरतो. दोन धागे पिळून केलेला दुहेरी असेल तर गोष्ट वेगळी, पण तो महाग. रोज वापरायला ५० ते ६० एकेरी किंवा ८० दुहेरी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

विणकामात तुमच्यासाठी पहिली पसंती पॉपलिन. एक धागा वर, एक खाली अशी साधी घट्ट वीण, पृष्ठभाग गुळगुळीत, वजनाला हलकं, घाम लवकर वाळतो. इचलकरंजीच्या मागांवर पॉपलिन आणि कँब्रिक वर्षानुवर्षं विणलं जातंय, त्यामुळे आपल्याकडे चांगलं पॉपलिन मिळायला अडचण नाही आणि त्यासाठी परदेशी नावाची गरजही नाही. पॉपलिनचा दोष एकच, चुरगळतं. ट्विलमध्ये तिरप्या बारीक रेघा दिसतात. ते अंगावर छान पडतं, कमी चुरगळतं, पण पॉपलिनपेक्षा उबदार असतं. पुण्यात डिसेंबरला उत्तम, दादरच्या पुलावर मे महिन्यात त्रासाचं. ऑक्सफर्ड जाडसर, टोपलीच्या विणीचं. शुक्रवारी जीन्सवर चांगलं दिसतं, पण पोट असलेल्या माणसाला ते आणखी भरीव दाखवतं, म्हणून पहिल्या पाचात नको. लिनन सगळ्यांत थंड आणि घाम पटकन सोडणारं. नागपूर-अकोल्याकडच्या कोरड्या उन्हात मी लिननशिवाय दुसरं सुचवतच नाही. पण ते भयंकर चुरगळतं, आणि ठाण्याहून उभं राहून आलेला लिननचा शर्ट मीटिंगमध्ये बरा दिसत नाही. दहा हजारांच्या बजेटमध्ये चांगलं लिनन बसवायचं तर इतर चार शर्टांवर अन्याय होईल. पुढच्या वर्षी घ्या.

मिक्सबद्दल लोक टोकाची मतं मांडतात. टेरिकॉट म्हणजे पॉलिस्टर आणि कॉटनचं मिश्रण, आपल्या वडिलांच्या पिढीने त्यावरच नोकऱ्या केल्या. ते चुरगळत नाही, पावसाळ्यात रात्रीत वाळतं, वर्षानुवर्षं टिकतं. पण पॉलिस्टर घाम शोषत नाही. घाम अंगावरच राहतो आणि वास कापडात बसतो. माझं मत असं की कॉटन ६० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर एक-दोन शर्ट जरूर ठेवावेत, खास जुलै-ऑगस्टसाठी. ज्या घरात कपडे खोलीत दोरीवर वाळतात तिथे ओलसर कॉटनचा कुबट वास हाही त्रासच आहे. लेबलावर दोन-तीन टक्के लायक्रा दिसलं तर दचकू नका, बसताना पोटाला ते सुखाचं असतं. फक्त इस्त्री कडक तापवून फिरवू नका, लायक्रा उष्णतेने मरतं आणि कापड सुरकुतल्यासारखं होतं.

"रिंकल फ्री" कॉटन म्हणजे कापडावर राळेसारख्या रसायनाची प्रक्रिया. त्याने चुण्या खरंच कमी पडतात, पण धाग्याची ताकद घटते. असे शर्ट कफाच्या आणि कॉलरच्या घडीवर आधी फाटतात, बाकीचा शर्ट नवा असतानाच. इस्त्रीला वेळ नसेल तर एखादा घ्या, पाचही तसलेच नकोत.

दुकानात कापड तपासायच्या तीन गोष्टी. एक: कापडाचा कोपरा दोन्ही हातांत धरून खसखसून चोळा. बोटांना पांढरी पावडर लागली तर ती खळ आहे. पहिल्या धुण्यात ती जाईल आणि हातात मलमलीसारखं लुळं कापड उरेल. दोन: मुठीत दहा सेकंद घट्ट आवळा आणि सोडा. चुण्या पडणारच, पण त्या हळूहळू मोकळ्या होतात की घडीसारख्या तशाच राहतात ते बघा. तीन: पांढऱ्या कापडाखाली हात घाला. बोटांचा रंग स्पष्ट दिसला तर आतला बनियनही दिसणार. ठाणावरून, म्हणजे कापडाच्या अख्ख्या गुंडाळीवरून, कापड घेत असाल तर चौथीही गोष्ट करता येते: कडेचे दोन धागे काढून काडीने पेटवा. कॉटन कागदासारखं जळतं आणि राख चिमटीत मऊ होते. पॉलिस्टर वितळून आक्रसतं आणि थंड झाल्यावर टोकाला काळा कडक मणी राहतो. मणी आणि राख दोन्ही सापडलं तर मिक्स. मुंबईच्या मंगलदास कापड मार्केटमधले जुने व्यापारी हे स्वतःहून करून दाखवतात.

आकसण्याचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. १९३० साली सॅनफर्ड क्लूएट या अमेरिकन माणसाने कापड आधीच दाबून आकसवायची पद्धत पेटंट केली, तिलाच सॅनफोराइज्ड म्हणतात. ठाणाच्या काठावर तो शिक्का असेल तर चिंता कमी. नसेल, किंवा खादी अथवा हातमागाचं कापड असेल, तर शिवायला देण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, मग टेलरकडे न्या. टेलरवर विसंबू नका. सणासुदीच्या गर्दीत ही पायरी हमखास गाळली जाते आणि दोन धुण्यांत कॉलर गळ्याला लागते.

शिवायचं की रेडिमेड? तुमच्या बांध्याला मी शिवायलाच सांगेन, निदान तीन शर्ट तरी. कारण चांगला टेलर तुमच्यासाठी पुढा पाठीपेक्षा रुंद कापतो. पोट पुढे असतं, पाठीत नसतं. वाढ पुढेच द्यायची, पाठ नेहमीची ठेवायची, आणि पुढच्या लांबीत पाऊण-एक इंच जास्त धरायचा म्हणजे खालची कड सरळ राहते. माप देताना पोट आत घेऊ नका, श्वास सोडून उभे राहा, शक्यतो जेवणानंतर जा. टेलरने फक्त छाती आणि खांदा मापून वही बंद केली तर त्याला थांबवा. पोटाचा घेर बेंबीच्या रेषेत आणि सीट (नितंबांचा घेर) हे दोन्ही लिहून घ्यायला लावा. लूझिंग, म्हणजे अंगाच्या मापावर वाढीव सैलपणा, किती ठेवणार ते विचारा. छातीला चार ते पाच इंच, पोटाला चार इंच पुरे. आतल्या शिवणीत बाजूला पाऊण इंच मार्जिन सोडायला सांगा, पुढे उपयोगी पडतं.

५८ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापड असेल तर पूर्ण बाहीच्या शर्टाला साधारण एक मीटर साठ सेंटीमीटर लागतं. तुम्ही पावणेदोन मीटर घ्या. ३६ इंच पन्ह्याला सव्वादोन ते अडीच मीटर. चौकडी असेल तर वीस-पंचवीस सेंटीमीटर वाढवा, नाहीतर खिशाच्या आणि बटणपट्टीच्या चौकटी जुळणार नाहीत. टेलरचं काम कसं आहे ते बघायचं असेल तर त्याच्या दुकानात टांगलेला तयार शर्ट उलटा करा. एका इंचात टाके मोजा: चौदा ते अठरा असतील तर काम बारीक, आठ-दहा असतील तर घाईचं. काजांचे धागे सुटलेले आहेत का पाहा. कॉलरला ताठपणा देणारं आतलं बकरम कुठलं वापरतो ते विचारा. हलक्या प्रतीच्या फ्युजिंगला, म्हणजे चिकटवलेल्या बकरमला, दोन-चार धुण्यांत फोड येतात आणि ते कशानेही जात नाहीत.

स्टाइलबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण अंगाला बसलेला शर्ट अर्धं काम आधीच करतो. गळा आखूड असेल तर कॉलरची पट्टी उंच नको, टोकं मध्यम लांबीची आणि थोडी फाकलेली. गोल चेहऱ्याला फार पसरट कॉलर आणखी गोल करते. बारीक उभ्या रेघा तुमच्यावर चांगल्या दिसतील, मोठी चौकडी आणि चकाकणारं सॅटिन टाळा. खिसा एकच, झाकणाशिवाय. अर्ध्या बाहीला ऑफिसात कमी लेखणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, आपल्या हवेत तो शहाणपणाचा पोशाख आहे. बाही कोपराच्या दोन इंच वर संपावी आणि दंडापासून पंख्यासारखी उघडू नये. बाहेर ठेवायचा शर्ट हवा असेल तर मनिला शर्टासारखी (तो न खोचता घालतात) सरळ कड घ्या, लांबी चेनच्या मध्यापर्यंत. लांब शर्ट पोट झाकतो असं वाटतं, पण तुमच्या उंचीला तो पाय आखूड दाखवतो.

पैशांची वाटणी मी अशी करीन. पांढरं पॉपलिन एक, फिकट निळं पॉपलिन एक, पांढऱ्यावर बारीक निळ्या रेघांचं एक, हे तीन शिवून. पावसाळ्यासाठी ६०-४० मिक्सचा राखाडी किंवा निळसर एक आणि फिकट ट्विलचा एक, हे दोन रेडिमेड, ४० रेग्युलर, सेलमध्ये. आता थोडं निगेचं: अंगाला भिडणाऱ्या शर्टाच्या बगलेला जे पिवळे डाग पडतात ते नुसत्या घामाचे नसतात, घाम रोखणाऱ्या डिओमधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारांचेही असतात. त्यावर ब्लीच ओतलं की डाग आणखी पिवळा होतो. डिओ पूर्ण वाळल्यावरच शर्ट चढवा आणि संध्याकाळी आल्या आल्या बगला साध्या पाण्याने खंगाळा.

आणि तीनही कापडं एकदम शिवायला टाकू नका. आधी निळं द्या. आठवडाभर लोकलने जाऊन या, दोन-तीनदा धुवा, इस्त्री करा, मग तोच शर्ट अंगावर घालून टेलरकडे जा. कुठे ओढतंय, कुठे फुगतंय ते त्याला अंगावर दिसू द्या आणि वहीतली मापं त्याच्याकडून तिथेच दुरुस्त करून घ्या. उरलेली दोन कापडं त्यानंतर कापायला द्या.